अख्खी कोंबडी भाजताना

अख्खी कोंबडी भाजणे म्हणजे पक्षी न तोडता, पाणी न घालता, केवळ कोरड्या उष्णतेवर आतपर्यंत शिजवणे. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, वणी, मोहाडी, उमराळे या भागातल्या घरांत हा प्रकार अजून नवा आहे. इथे कोंबडी शिजते ती तुकडे करून, काळ्या मसाल्याच्या रश्शात. आणि बऱ्याच घरांत आजही परसातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. रश्शात पाणी असते आणि उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. त्यामुळे रस्सा दहा मिनिटे जास्त उकळला तरी फारसे बिघडत नाही, मीठ कमी पडले तर वरून घालता येते, कोंबडी जून निघाली तर आणखी तासभर ठेवता येते. भाजताना यातली एकही सवलत नाही. दहा मिनिटे जास्त झाली की छातीचे मांस भुशासारखे कोरडे होते. दहा मिनिटे कमी पडली की मांडीच्या सांध्याशी कच्चे राहते. म्हणून पहिल्यांदाच भाजायला घेणाऱ्याने मसाल्याचा विचार सगळ्यात शेवटी करावा. पक्षी कोणता, वजन किती, कातडी आहे की काढलेली आणि उष्णता कोणत्या बाजूने येणार, या चार गोष्टींवर निम्मे काम ठरते.

विस्तवावर मांस भाजणे महाराष्ट्राला परके नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचे प्रकार आले आहेत. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत लागणारी पोपटी हाही भाजण्याचाच प्रकार: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची आणि मडके उपडे घालून त्याभोवती जाळ करायचा. ‘मुर्ग मुसल्लम’ या पदार्थाच्या तर नावातच अख्खा पक्षी आहे: ‘मुसल्लम’ म्हणजे अखंड, सगळा. पण अख्खा पक्षी नीट भाजायचा तर उष्णता चारही बाजूंनी यावी लागते, आणि चूल किंवा गॅस ती फक्त खालून देतो. तंदूर हॉटेलात आणि ढाब्यावर राहिला. घरोघरी ओटीजी, म्हणजे विजेवर चालणारी छोटी भट्टी, पोचली तेव्हा कुठे हा पदार्थ घरच्या स्वयंपाकात करता येऊ लागला.

पक्ष्याची निवड

दिंडोरी तालुक्यात दोन तऱ्हेच्या कोंबड्या मिळतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रॉयलर ही शेडमध्ये वाढते. नाशिक जिल्ह्यात अनेक शेतकरी करार पद्धतीने हा व्यवसाय करतात. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची, शेड, पाणी, वीज आणि राबणूक शेतकऱ्याची. सुमारे ४० दिवसांत हा पक्षी दोन किलोंच्या आसपास जातो. इतक्या कमी वयात स्नायूंना जोडणारे तंतू घट्ट झालेले नसतात, म्हणून मांस मऊ असते आणि कोरड्या उष्णतेवर तासाभरात शिजते.

गावरान कोंबडी अंगणात फिरून, दाणे आणि किडे टिपून वाढते, संध्याकाळी खुराड्यात किंवा डालग्याखाली जाते. किलो-सव्वा किलोची व्हायला तिला पाच-सहा महिने लागतात. चवीला तिची सर ब्रॉयलरला येणार नाही, पण चाललेले, पळालेले, उडालेले तिचे स्नायू चिवट असतात. त्यांतील कोलॅजन हा तंतू मऊ व्हायला ओलावा आणि पुष्कळ वेळ लागतो. अंडी घालून थकलेली जून कोंबडी ओटीजीत तासभर भाजली तर ती दातांनी तुटत नाही, आणि दोष भट्टीला दिला जातो. गावरानच भाजायची असेल तर तलंग घ्यावी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी मादी. किंवा तेवढ्याच वयाचा कोंबडा. जून पक्षी असेल तर तो आधी हळद-मीठ घालून अख्खाच मंद आचेवर शिजवावा, त्याचे पाणी, म्हणजे अळणी, प्यायला ठेवावे आणि मऊ झालेला पक्षी कोरडा पुसून शेवटची २० मिनिटे भाजून रंगवावा. पहिल्या प्रयत्नाला मात्र ब्रॉयलरच योग्य.

वजनाचा हिशेब आधी करून जावा. चिकन सेंटरवर भाव जिवंत वजनाचा आहे की साफ केलेल्या मांसाचा, हे विचारावे. दोन किलोंचा जिवंत पक्षी पिसे, डोके, पाय आणि आतडी गेल्यावर कातडीसकट १४०० ग्रॅमच्या आसपास भरतो. कातडी काढली की आणखी कमी. घरच्या २५ ते ३० लिटरच्या ओटीजीत साफ केलेला १२०० ते १३०० ग्रॅमचा पक्षी चांगला बसतो. तो चार-पाच जणांना पुरतो. याहून मोठा पक्षी वरच्या रॉडजवळ जातो, छाती करपते आणि मांडी कच्ची राहते.

दुकानात सर्वांत महत्त्वाचे वाक्य एकच: ‘कातडी ठेवून, अख्खी द्या.’ आपल्याकडे दुकानदार कातडी सोलूनच देतो, कारण रश्शात कातडी कोणाला नको असते. भाजण्यात तीच पक्ष्याचे पांघरूण असते. तिच्याखालची चरबी वितळून मांसावर उतरते आणि वरून ती स्वतः खरपूस होते. कातडी ठेवायची तर पिसे उपटावी लागतात. त्यासाठी पक्षी ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात बुडवून पिसे सैल करतात आणि मग हाताने किंवा यंत्रावर काढतात. याला वेळ लागतो, म्हणून गर्दीच्या रविवारी सकाळी हे काम सांगू नये. आदल्या दिवशी सांगितले तर बहुतेक दुकानदार करून देतात.

साफ करणे

घरी आणल्यावर पक्षी उजेडात नीट पाहावा. कातडीवर राहिलेली पिसांची खुंटे चिमट्याने ओढून काढावीत. बारीक लव गॅसच्या ज्योतीवरून पक्षी फिरवून जाळावी. खेड्यात गावरान कोंबडी पाचटाच्या किंवा पेंढ्याच्या जाळावर धरतात आणि मग हळद चोळतात, ती याचसाठी. पोटाच्या पोकळीत हात घालून पाहावे. कण्याला चिकटलेली लाल स्पंजासारखी फुफ्फुसे अनेकदा राहून जातात. ती बोटाने खरवडून काढावीत. गळ्याशी दाणे साठवणारी पिशवी राहिली असेल तर तीही काढावी. शेपटीच्या टोकावर एक पिवळसर गाठ असते, पक्षी तिच्यातले तेल चोचीने पिसांना लावतो. ती कापून टाकावी, नाहीतर वास येतो. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटून डाग पडलेला दिसला तर तेवढा भाग कापून टाकावा, कारण तो कडूपणा कशानेच जात नाही. कलेजी आणि पोटा भाजण्यात घालू नये; त्यांची वेगळी परतून भाजी करावी.

धुण्याबाबत आपली सवय मोडायला हवी. नळाखाली कोंबडी खळखळून धुतली की पाण्याचे तुषार ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि त्यांबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जिवाणूही जातात. हे जिवाणू धुण्याने मरत नाहीत, शिजवण्याने मरतात. दुकानातील साफसफाईवर भरवसा नसेल तर पक्षी मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात हलकेच बुडवून काढावा, पाणी सावकाश ओतावे आणि नंतर सिंक, पाट, सुरी आणि हात साबणाने धुवावेत. कच्ची कोंबडी ठेवलेल्या पाटावर त्यानंतर कांदा-काकडी चिरणे हा दुखणे ओढवून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

मग पक्षी स्वच्छ कापडाने किंवा कागदाने आतून-बाहेरून कोरडा करावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्यात कुचराई करू नये. कातडीवर पाणी असेल तोवर भट्टीची उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते. मांसाला तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, प्रथिने आणि शर्करा यांच्यातील क्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ओली कातडी १०० अंशांवरच अडकून राहते. ती उकडते, भाजत नाही.

मीठ आणि मुरवणे

मीठ आदल्या रात्री लावावे. किलोला १२ ग्रॅम हे प्रमाण ठीक आहे, म्हणजे १३०० ग्रॅमच्या पक्ष्याला सुमारे १५ ग्रॅम, तीन सपाट छोटे चमचे. मीठ लावल्यावर पहिल्या तासात मांसाला पाणी सुटते आणि पाहणाऱ्याला वाटते की आता ते कोरडे पडणार. पण त्या पाण्यात मीठ विरघळते आणि पुढच्या काही तासांत ते खारे पाणी पुन्हा आत शिरते. मिठामुळे मांसातील प्रथिनांची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते, आणि भाजताना रस कमी गळतो. रात्रभर थांबण्याचा दुसराही फायदा आहे. डोळ्यांसमोर कापून घेतलेली ताजी कोंबडी उत्तम, असे आपण मानतो. पण मेल्यावर स्नायू आधी ताठरतात आणि काही तासांनी सैलावतात. ताठर अवस्थेतच भट्टीत गेलेला पक्षी वातड लागतो.

फ्रिजमध्ये पक्षी जाळीवर, खाली ताट ठेवून, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे थेंब दुधावर किंवा भाजीवर पडणार नाही. कातडी सुकण्यासाठी तो उघडा असलेला बरा. ज्या घरात फ्रिजमध्ये नैवेद्याचे किंवा उपासाचे पदार्थही असतात, तिथे मोठ्या डब्यात जाळी घालून झाकण अर्धवट सरकवून ठेवल्याने दोन्ही साधते.

दुसऱ्या दिवशी मसाला. काळा मसाला हा नाशिककरांच्या कोंबडीचा प्राण, पण तो कातडीवर वरून थापू नये. त्यातले कांदा, खोबरे आणि खडे मसाले आधीच करपेपर्यंत भाजलेले असतात. भट्टीत आणखी तासभर तापले की ते कडू होतात. तो आत घालण्याची युक्ती आहे. मानेच्या बाजूने छातीवरील कातडीच्या कडेत दोन बोटे घालावीत आणि मांसाला धरून, नखे न लावता, हळूहळू पुढे सरकवावीत. पातळ पडदा सुटत जातो आणि छातीवर एक खिसा तयार होतो; बोटे तिरकी वळवली की तो खिसा मांडीपर्यंत जातो. दोन मोठे चमचे लोणी, एक चमचा काळा मसाला, ठेचलेला लसूण आणि चिरलेली कोथिंबीर एकत्र करून हा गोळा त्या खिशात सारावा आणि बाहेरून कातडी चोळून पसरावा. मीठ आधीच लावलेले आहे, तेव्हा यात पुन्हा घालू नये. वर कातडीला फक्त तेल आणि चिमूटभर हळद. पोटात अर्धे लिंबू, एक कांदा आणि लसणाचा अख्खा गड्डा ठेवला तर वास चांगला येतो. पोकळी गच्च भरू नये. आत गरम हवा खेळली नाही तर पक्षी आतून शिजत नाही.

कातडी काढलेलाच पक्षी मिळाला तर ही पद्धत सोडून द्यावी आणि दह्याची वाट धरावी. वाटीभर टांगलेले दही, दोन चमचे तेल, आले-लसूण, हळद आणि तिखट यांचा जाड लेप कातडीचे काम करतो. इथेही मीठ किलोला १२ ग्रॅमच, पण आदल्या रात्री न चोळता लेपातच मिसळावे. मांडीला आणि तंगडीला हाडापर्यंत दोन-दोन चिरा द्याव्यात आणि चार ते आठ तास मुरवावे. कच्ची पपई रात्रभर लावू नये. तिच्यातील पपेन प्रथिने तोडते आणि सकाळी मांसाचा वरचा थर लगदा झालेला असतो.

भट्टीत

ओटीजी २०० अंशांवर १५ मिनिटे आधी तापवावी, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून. पंखांची टोके पाठीमागे खोचावीत, नाहीतर ती आधी जळतात. तंगड्या सुतळीने हलकेच बांधल्या तर पक्षी देखणा दिसतो. करकचून बांधल्या तर मांडीच्या आतल्या बाजूला उष्णता पोचत नाही. पक्षी छाती वर करून जाळीवर ठेवावा आणि जाळी अशा खाचेत असावी की पक्ष्याचा मध्य भट्टीच्या मध्याशी येईल. खालच्या ट्रेमध्ये बटाट्याच्या आणि कांद्याच्या जाड फोडी आणि अर्धी वाटी पाणी घालावे. गळणारी चरबी कोरड्या ट्रेवर पडली तर धूर होतो. बटाट्यावर पडली तर बटाटे मुख्य पदार्थाइतकेच चविष्ट होतात. जानेवारी ते एप्रिल या द्राक्षांच्या हंगामात शेवटच्या २० मिनिटांत त्या ट्रेमध्ये बिनबियांच्या द्राक्षांचे मूठ-दोन मूठ मणी टाकावेत. ते फुटतात, त्यांचा आंबटगोड रस चरबीत मिसळतो आणि वेगळी चटणी लागत नाही. दिंडोरीत बसून ही कोंबडी करायची आणि त्यात द्राक्षे घालायची नाहीत, हे बरे नव्हे.

१३०० ग्रॅमच्या पक्ष्याला साधारण ६० ते ७० मिनिटे लागतात, पण हा आकडा अंदाजाचाच आहे. लहान भट्टीच्या बटणावरचे तापमान आणि आतले तापमान यात फरक असतो. अर्ध्या वेळेला ट्रेची दिशा उलटी करावी. छाती लवकर लाल होऊ लागली तर तेवढ्याच भागावर फॉइलचा तुकडा सैल ठेवावा. दार सारखे उघडून पाहू नये. दर वेळी आतली उष्णता बाहेर जाते. वीज गेली तर दार बंदच ठेवून पाच-दहा मिनिटे वाट पाहावी. परत आली नाही तर पक्षी जाड बुडाच्या पातेल्यात काढून, वाटीभर पाणी घालून, झाकण ठेवून गॅसवर पूर्ण शिजवावा. अर्धवट शिजलेली कोंबडी ओट्यावर ठेवून विजेची वाट पाहणे धोक्याचे आहे.

ओटीजी नसेल तर चुलीवरही हे जमते, आणि कोकणात भानोले नावाचा पदार्थ ज्या रीतीने करतात त्याच रीतीने: खाली विस्तव, वर निखारे. जाड लोखंडी किंवा पितळी पातेल्यात तळाला तिवई किंवा स्टीलची रिंग ठेवून त्यावर पक्षी बसवावा, सपाट झाकण लावावे आणि झाकणावर निखारे पसरावेत. खाली आच मंद आणि वर निखारे जास्त, असे प्रमाण राखले तर दीड तासात पक्षी शिजतो आणि रंगही येतो. जळणासाठी बाभळीचा कोळसा चांगला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबागांच्या बांधावर काड्यांचे ढीग पडतात, आणि फ्रान्सच्या बोर्दो भागात वेलीच्या काड्यांवर मांस भाजण्याची रीतही आहे. पण इथल्या बागांवर हंगामभर बुरशीनाशकांच्या आणि कीटकनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात. त्या काड्यांच्या धुरावर अन्न भाजू नये.

शिजली की नाही

रंगावरून कोंबडी शिजल्याचे ओळखता येत नाही. बाहेरून तांबूस झालेला पक्षी आत कच्चा असू शकतो. उलट कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडांतील मगज झिरपल्यामुळे पूर्ण शिजलेले मांसही हाडाशी काळपट-लाल दिसते. ‘रस पांढरा आला की झाले’ हा ठोकताळाही पुष्कळदा फसवतो. खात्रीचा उपाय एकच, खाद्यपदार्थांत टोचायचा थर्मामीटर. तो काहीशे रुपयांत मिळतो. त्याची सुई मांडी धडाला जिथे जुळते त्या जागी, आतल्या बाजूने, जाड मांसात घालावी. ती हाडाला टेकली तर आकडा खोटा येतो. छाती आणि मांडी दोन्हीकडे ७४ अंश झाल्याशिवाय पक्षी खाण्यायोग्य समजू नये. मांडीचे मांस ८० च्या आसपास जास्त मऊ लागते, छाती मात्र तेवढी तापली की सुकू लागते. हा पेच अख्ख्या पक्ष्यात कायमचा आहे. कातडीखालचे लोणी आणि छातीवरचे फॉइल त्यासाठीच.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, देशात पहिल्यांदाच, पाळीव कोंबड्यांत एच५एन१ बर्ड फ्लू आढळला आणि लोकांनी कोंबडी खाणेच सोडले. तो विषाणू ७० अंशांवर मरतो. सर्व भागांत ७४ अंशांना पोचलेल्या कोंबडीत तो उरत नाही.

भट्टीतून काढल्यावर पक्षी १५ मिनिटे तसाच ठेवावा. या वेळात आतले तापमान आणखी थोडे चढते, घट्ट झालेले स्नायू सैलावतात आणि रस मांसात मुरतो. लगेच कापला तर तो सगळा ताटात वाहून जातो. वर झाकण घालू नये, वाफेने कातडी पुन्हा मऊ पडते. कापताना आधी तंगडी धडापासून बाहेर वाकवावी. सांधा उघडा पडतो आणि सुरीला हाड लागत नाही. मग पंख. छातीच्या मधल्या हाडाला लागून दोन्ही बाजूंनी सुरी खाली उतरवली की छातीचे दोन अखंड तुकडे सुटतात. ट्रेमधला रस लिंबू पिळून, बटाट्यांसह वाढावा. बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा याबरोबर तो उत्तम लागतो.

उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे, नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात तर तासाभरातच. ते तीन दिवस टिकते आणि खाण्याआधी पुन्हा वाफ निघेपर्यंत गरम करावे लागते. सांगाडा टाकू नये. कुकरमध्ये चार वाट्या पाणी, एक कांदा, चार मिरे आणि चिमूटभर हळद घालून तो मंद आचेवर अर्धा तास ठेवला की दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला चार जणांची अळणी होते.